आबांचे सात तवे

भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुमच्यात तव्याला काय बोलतान?"

मी आणि माझा नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही तयारी केली होती ती वेगळ्याच प्रश्नांची. नोकरी कुठे, माणसं किती, मूळ गाव कोणतं, पाहुणेरावळे फार येतात का. त्या आठवड्यात नालासोपाऱ्यात आम्ही नऊ खोल्या पाहिल्या होत्या आणि नऊ ठिकाणी हेच विचारलं गेलं होतं. शेजारच्या गास गावातलं हे दहावं घर. मागे वाडी, वाडीत केळी आणि भाजीचे वाफे, एक विहीर, आणि पुढच्या पडवीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले सात तवे.

"तवाच म्हणतात," नवरा म्हणाला. तो जुन्नरकडचा. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. खोली हातची जातेय असं मला दिसायला लागलं. मी घाईघाईने म्हणाले, "आमच्या खानदेशात मांडे करायला मातीचं खापर असतं. ते चुलीवर पालथं घालतात."

"पालथं?" ते उठून उभेच राहिले. "तू खाल्लेत?"

"लहानपणापासून."

"करतंस?"

"हो," मी ठोकून दिलं. मला साधी पोळी गोल लाटता येत नव्हती. पण खोली मिळाली. मी मांडे खाऊ घालीन तेव्हा ते माझा शब्द आपल्या शब्दांच्या वहीत लिहितील, एवढीच त्यांची अट होती. बाकी सगळं त्यांनी बायकोवर सोडलं.

गावात सगळे त्यांना आबा म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. सत्तरी ओलांडलेला, वाळक्या अंगाचा माणूस. पांढरी हाफ चड्डी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि सकाळी उठल्यापासून कमरेला बांधलेला एप्रन. तीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर खलाशांसाठी स्वयंपाक केला होता. जहाजावर अशा माणसाला भंडारी म्हणतात. घरी परतून वीस वर्षं झाली तरी त्यांचा एप्रन काही सुटला नव्हता. काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "जहाज सोडलं यांनी, पन जहाजानं यांना सोडलं नाय."

त्या तव्यांविषयी मी दुसऱ्याच दिवशी विचारलं, आणि माझी रजा फुकट गेली. पहिला तवा त्यांच्या आईचा, लोखंडी, मध्ये झिजून पातळ झालेला. दुसरा लांब दांड्याचा, तुर्कस्तानातल्या एका बंदरातला. तिथेही त्याला तवाच म्हणतात आणि त्यात मासे तळतात. तिसरा इराकमधल्या बसऱ्याचा, तिथल्या अरबांचा तावा. चौथा रुमानियातला. तो चौकोनी, उभ्या काठांचा. मी तर त्याला ट्रे म्हटलं असतं, पण रुमानियातली माणसं त्यालाच तवा म्हणतात आणि त्यावर केक भाजतात. पाचवा जॉर्जियातला, त्याचं नाव तापा. सहावा अल्बानियातला, खोलगट. तिथे भांडं आणि त्यात शिजलेला पदार्थ, दोन्हींचं नाव एकच, म्हणजे तिथली माणसं तवाच खातात. आबांना ही गोष्ट फार आवडायची. "आपन तव्यावर खातो, ते तवा खातान," असं ते प्रत्येकाला सांगायचे.

सातवा तवा म्हणजे ग्रामोफोनची काळी तबकडी होती. जहाजावरच्या एका पंजाबी इंजिनवाल्याने ती दिली होती. त्याच्या गावाकडे या तबकडीलाही तवाच म्हणायचे.

"मग हा वहीत कसा लिहिला?" मी विचारलं. कारण तोवर त्यांचा नियम मला पाठ झाला होता. ज्या भांड्यातलं खाल्लं नाही त्याचं नाव लिहायचं नाही. कोणी सांगितलं, कुठे वाचलं, ते चालत नाही. तो शब्द रोज तोंडात असलेल्या माणसाच्या हातचं, त्याच भांड्यातलं खायचं, मग लिहायचं.

उत्तर काकीने दिलं. "त्यावर पराठा ठेवून खाल्ला यांनी. त्या सरदारासमोर. तो अजून फोन केला का तेच हसतं."

मला हसू आवरेना. आबांना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. नियम म्हणजे नियम.

मांड्यांचं आश्वासन मी पाच महिने टोलवलं. आबा रोज सकाळी खिडकीशी येऊन विचारायचे, "बाय, खापर कवा?" शेवटी मी आईला जळगावला फोन करून सगळं कबूल केलं. आईने आधी मला यथेच्छ शिव्या दिल्या, आणि मग गोधडीत गुंडाळलेलं खापर मांडीवर घेऊन ती रात्रभर प्रवास करून आली.

वाडीत तीन विटांची चूल मांडली. आईने हातावर मांडा फिरवून फिरवून कोपरापर्यंत वाढवला आणि पालथ्या खापरावर टाकला. आबा हातपाय धुऊन जमिनीवर बसले होते. मी तूप वाढायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. "पयला घास कोरा." डोळे मिटून त्यांनी तो घास इतका सावकाश खाल्ला की आईला वाटलं आवडला नाही. मग डोळे उघडून त्यांनी तिला विचारलं, "तुमाला हे कोनी शिकवलं?"

आई म्हणाली, "शेजारच्या एका बाईने." आणि मग ती बोलतच राहिली. तिची आई ती सात वर्षांची असताना गेली. शेजारी एकटी राहणारी एक बाई होती, तिने हिला चुलीशी बसवलं. पहिले दोन महिने मनगटं भाजायची. ती बाई रोज रात्री त्यांना लोणी लावायची आणि म्हणायची, उद्या नको येऊ. ही दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. आईच्या मनगटांवरचे डाग मी बत्तीस वर्षं बघत होते आणि ते कसले हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. एका परक्या माणसाने एक घास खाऊन तिला बोलतं केलं. मी चुलीमागे जाऊन डोळे पुसले.

आबांनी वही आणली. लिहिलं, "खापर. खानदेश. पालथं. शिकवणारी शेजारीण." त्यांच्या वहीत प्रत्येक शब्दाची नोंद अशीच असे. शब्द, गाव, आणि खाऊ घालणाऱ्याला शिकवणारी व्यक्ती. मी वसईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शब्दकोशांची दोन कपाटं माझ्या ताब्यात आहेत. त्यांतल्या एकाही कोशात कोणाच्या शेजारणीचा उल्लेख नाही.

आता त्या तुर्की तव्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं.

आबा पंचविशीत असताना त्यांना जहाजावर ताप चढला. जहाजाने त्यांना तुर्कस्तानातल्या एका बंदरात इस्पितळात उतरवलं आणि ते पुढे निघून गेलं. आबा तिथे तीन आठवडे पडून होते. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, समोर येणारं अन्न घशाखाली उतरत नाही. आपण इथेच मरणार आणि घरी कळणारही नाही, असं ते धरून चालले होते. एके दिवशी ते भिंतीला धरत धरत इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेले. तिथली आचारीण चांगली रुंद आणि खमकी. ती त्यांना बाहेर हाकलायला लागली. यांनी हवेत हाताने एक गोल काढला आणि कळवळून म्हटलं, "तवा. तवा." ती बाई थबकली. तिने भिंतीवरून एक भांडं उतरवलं, यांच्यासमोर धरलं आणि म्हणाली, "तवा?"

"मी तिथंच खाली बसलो," आबा सांगायचे. "मना वाटलं, मी यायच्या आदी माज्या आयशीचा तवा हितं येऊन बसलाय."

त्या दिवशी तिने त्यांना मासे तळून दिले आणि ते जेवले. चार दिवसांनी त्यांचा ताप उतरला. जहाजावर परतल्यावर त्यांनी वही केली आणि पहिली ओळ लिहिली, तवा हा शब्द आपला. आणि पुढे बंदरामागून बंदर फिरताना त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसत गेली. आपल्या घराशेजारी सोपारा. जुन्या काळी तिथे मोठं बंदर होतं, हे पोराटोरांना ठाऊक आहे. तिथून जहाजं पश्चिमेला जायची. त्या जहाजांवर खलाशी, खलाशांबरोबर भंडारी, आणि भंडाऱ्याबरोबर तवा. म्हणजे हा शब्द सोपाऱ्याहून जगात गेला. दुसरं काय असणार?

हे त्यांनी चाळीस वर्षं लोकांना सांगितलं. पोस्टमनला, वायरमनला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला, नालासोपाऱ्यात नव्याने राहायला आलेल्या भय्या भाजीवाल्याला, शाळेतल्या मुलांना. मुलांना ते दर वर्षी घरी बोलावून तव्यावरची गरम भाकरी द्यायचे आणि म्हणायचे, "यो शब्द आपन जगाला दिला." मुलं छाती पुढे काढून घरी जायची. मीही ते दहा-बारा वेळा ऐकलं आणि गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. लोकांच्या चुका काढायची मला वाईट खोड आहे, पण आईच्या त्या दिवसानंतर या माणसाला टोकायला जीभ रेटत नव्हती.

मग गावच्या मंडळाने ठरवलं की तलावाच्या काठी ग्रॅनाइटची एक शिळा बसवायची. वर गावाचं नाव, खाली "जगाला 'तवा' हा शब्द देणारी ही भूमी", आणि त्याखाली संशोधक म्हणून आबांचं नाव. आबांचा सत्कारही करायचा. मजकुराचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले. "बाय, शुद्धलेखन तपास. दगडावर चूक नको."

मी कागद वाचला आणि माझी खोड उसळून आली. "आबा, शुद्धलेखन बरोबर आहे," मी म्हटलं. "पण आमच्या ग्रंथालयातल्या कोशात या शब्दापुढे फारसी अशी खूण आहे. तो तिकडून इकडे आला असं त्यात म्हटलंय."

ते हसले. "बुकात भाकर भाजाला येते? बुकातलं मी लिवत नाय, तुना ठाऊक हाय."

ज्या कपाटांवर माझं पोट चालतं त्यांना त्यांनी असं एका वाक्यात निकालात काढलं, ते मला लागलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, "मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोपाऱ्यात तुम्ही कोणाकडे जेवला होता?"

 आबांनी कागदाची घडी केली, ती खिशात ठेवली आणि ते निघून गेले.

मला लगेच पश्चात्ताप झाला. पुढचे आठ दिवस ते खिडकीशी आले नाहीत. काकी सांगत होती, "वही मांडीवर घेऊन बसतो नुसता. भाकर थंड व्हते." मी ग्रंथालयात बसून त्यांच्यासाठी वाट शोधू लागले. जाडजाड पुस्तकं उलटसुलट चाळली. तेव्हा कळलं की पंडितांचंही यावर एकमत नाही. काही म्हणतात शब्द इराणातून आला, काही म्हणतात आपल्याकडच्याच जुन्या शब्दापासून झाला. त्या फारसी शब्दाचं मूळ तापवणे या अर्थाचं आहे आणि आपलं तापणं त्याच घराण्यातलं. म्हणजे आबांना सुटायला जागा होती. मी आनंदाने घरी आले आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे त्यांचा आनि आपला, दोगं भाव. थोरला कोन?"

"ते कोणालाच नक्की माहीत नाही. म्हणून मी म्हणते, शिळा राहू दे. शेवटी फक्त 'असे मानले जाते' एवढं घालू."

"कोन मानतं?" आबांनी विचारलं. "मीच ना?"

 पंधरा वर्षं मी पुस्तकांत वावरले आहे. 'असे मानले जाते' हे शब्द मी हजारदा वाचले असतील. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला असं कॉलर धरून बाहेर काढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आबा वहीच्या पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या वहीत येकच ओळ न खाता लिवलीय. सगल्यांत आदी तीच लिवली. आनि लोकांना सगल्यांत जास्ती तीच सांगितली."

शिळा तोवर कोरून झाली होती. सत्काराला अख्खा गाव जमला. शाल, श्रीफळ, हार, सगळं झालं. मंडळाच्या अध्यक्षांनी आबांचा कोलंबसासारखा गौरव केला. मग आबा माइकसमोर उभे राहिले.  ते म्हणाले, "मी चालीस वर्सं बोलत व्हतो, तवा यो शब्द आपन जगाला दिला. मना ते ठाऊक नाय. मी ते खाल्लेलं नाय. मी चुकलो. ती ओल पुसून टाका, माझं नाव पन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांना वाटलं हा म्हाताऱ्याचा विनय. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "ज्ञानी माणूस असा नम्र असतो." आणि त्यांनी दोरी ओढून शिळेवरचा पडदा काढला. ओळ तिथेच होती, नावही.

मी आबांकडे बघत होते. प्रत्येक टाळी त्यांना थपडेसारखी लागत होती. कार्यक्रम संपला, लोक जेवायला गेले, तरी ते शिळेपाशी खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा राग, काकीच्या विनवण्या, कशालाही न जुमानता त्यांनी पाथरवटाला बोलावलं आणि ग्राइंडरने दोन्ही ओळी घासून घेतल्या. आता त्या शिळेवर फक्त गावाचं नाव आहे आणि खाली खरखरीत मोकळी जागा.

माझ्या मते इथे सगळं संपायला हरकत नव्हती. कोणीही इथेच थांबला असता. पण टाळ्यांवरून आबांना एक गोष्ट कळली होती. स्टेजवरून सांगितलेलं लोकांना ऐकू जात नाही. ज्याला जसं सांगितलं, त्याला तसंच जाऊन परत सांगावं लागतं, एकेकाला.

आणि ते निघाले. सकाळी एप्रन बांधायचा, वाडीतली चार केळी पिशवीत घालायची आणि चालू पडायचं. आधी गास, मग नालासोपारा, मग वसई. दारात उभे राहून ते आधीच सांगायचे, "जेवाला नाय आलो. माझी येक चूक सांगाला आलो." लोकांना वाटायचं देणगी मागायला आले. बहुतेकांना आबांनी काय सांगितलं होतं तेच आठवत नसे. मग आबा बसून आधी ते सगळं आठवण करून द्यायचे, आणि मग ते खरं नाही म्हणून सांगायचे. भाजीवाला म्हणाला, "बाबूजी, तवा तो तवा है, कहीं का भी हो." आबांनी त्याला तीन वेळा ऐकवलं आणि त्याच्याकडून "समझ गया" असं वदवून घेतलं, तेव्हाच ते तिथून हलले.

शाळेत त्यांनी प्रार्थनेनंतरची पाच मिनिटं मागून घेतली. एका मुलीने उठून विचारलं, "मग आबा, तवा कोणाचा?" आबा म्हणाले, "ज्याची भाकर व्हते त्याचा. पन यो आलाय कुठून ते मना ठाऊक नाय." इतक्या मुलांसमोर, इतक्या सहजपणे मला ठाऊक नाही असं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी स्वतः तर मुळीच तशी नाही.

जहाजावरच्या जुन्या सोबत्यांना त्यांनी फोन केले. एक जण रत्नागिरीकडे, कानाने पार गेलेला. त्याला सांगताना आबा इतके ओरडले की शेजारचे लोक भांडण समजून धावत आले. तुर्की आचारणीलाही त्यांनी तेव्हा खुणांनी सांगितलं होतं की हा आमचा शब्द. तिच्यासाठी त्यांनी मला पत्र लिहायला लावलं. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर त्याचं तुर्की करून दिलं, आणि त्या गावातल्या इस्पितळाचं स्वयंपाकघर, एवढ्या पत्त्यावर ते रवाना झालं. ती बाई आता हयात असण्याची शक्यता नव्हती. आबांना ते माहीत होतं. काकी म्हणाली, "आमच्या लग्नाची बोलावनी कराला पन येवडी घरं नव्हती फिरला." पण पिशवीत केळी तीच भरून द्यायची.

त्या भटकंतीत विरारच्या एका बेकरीत त्यांना एक म्हातारी इराणी बाई भेटली. आबांनी तिला विनंती केली, आणि तिने दांड्याच्या भांड्यात अंडं तळून त्यांना दिलं. भांड्याचं नाव विचारलं तर ती म्हणाली, "तावे." आबांनी वहीत लिहिलं, "तावे. इराण. शिकवणारी आजी." घरी येऊन मला दाखवलं. "आता खाल्लं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हार नव्हती. जेवून उठलेल्या माणसाचं समाधान होतं.

दीड वर्ष हे चाललं. मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं की आता एकच माणूस राहिला आहे. आमच्या आधी आमच्याच खोलीत राहणारा भाडेकरू, जालन्याकडचा. तो आता वसईजवळच्या कामणला एका गोदामावर वॉचमन आहे.

"मी फोन करते त्यांना," मी म्हटलं.

"फोनवर नको. त्यो माझ्या घरात जेवलाय."

"मग मी जाऊन सांगते."

त्यांनी माझा हात धरला. "तू सांगशील? नीट सांग. मी गमतीनं बोललो असं नको सांगू. मना खरंच तसं वाटत व्हतं."

मी हो म्हटलं. त्या आठवड्यात ग्रंथालयाची वार्षिक तपासणी होती, म्हणून मी रविवारी जायचं ठरवलं. आबा शुक्रवारी गेले.

रविवारी मी कामणला गेले. कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत गोदाम शोधलं. फाटकाच्या केबिनमध्ये पन्नाशीचा एक माणूस डबा उघडून बसला होता. मी ओळख सांगितली, आबा गेल्याचं सांगितलं. त्याने डबा बंद केला.  मग मी ज्या कामासाठी आले होते ते सांगितलं, आबांनी सांगितलं होतं तसंच. आबांना ते खरंच वाटत होतं, आणि ते चूक होतं.

"हे सांगायला ते स्वतः येणार होते?" त्याने विचारलं.

"हो. तुम्ही एकटेच राहिला होता."

तो कपाळाला हात लावून बसला. "ताई, मी एकटा कुठे? मी पोरीला सांगितलंय ना. ती जालन्याकडे एका खेड्यातल्या शाळेत मास्तरीण आहे. दर वर्षी नवीन वर्गाला पहिल्या आठवड्यात ती हीच गोष्ट सांगते. मुलांना फार आवडते म्हणते."

मी केबिनच्या पायरीवर बसले. आपण शेवटचं घर करून मोकळं होणार, अशा बेताने मी आले होते. क्षणभर वाटलं, राहू दे, कोणाला काय फरक पडतो. मग मी फोन काढला आणि त्याच्याकडून मुलीचा नंबर घेतला.

तिने फोन उचलला. मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं आणि मग सगळं, पहिल्यापासून. इस्पितळातला तवा, वही, शिळा, घासून काढलेल्या ओळी, दारोदार फिरणं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी मी म्हटलं, "तर तुमच्या वर्गातल्या मुलांना तेवढं सांगाल का?"

"उद्याच सांगते," ती म्हणाली. मी फोन ठेवणार होते, तेवढ्यात ती चाचरत म्हणाली, "पण मॅडम, गेल्या वर्षीची मुलं आता हायस्कुलात गेलीत. आणि त्याच्या आधीच्या दोन वर्गांतली तालुक्याला. त्यांची यादी आहे माझ्याकडे. मी शनिवारपासून जायला सुरुवात करू का?"